बाई काय म्हणाल्या?

पालकसभेला वर्गात मोठ्यांच्या मापाच्या खुर्च्या नसतात. गुडघे पोटाशी घेऊन मुलांच्या खुर्चीत बसावं लागतं, आणि तसं बसलं की आपणही नकळत चौथीत जाऊन पोचतो. बाई काय बोलतील याची धाकधूक सुरू होते. आठ-नऊ वर्षांपूर्वी मी अशीच दाराजवळच्या खुर्चीत अवघडून बसले होते, माझ्या मुलीचा नंबर यायचा होता. माझ्या आधी एक आई आणि तिचा मुलगा. मुलगा नऊ-दहा वर्षांचा असेल. आईला या परक्या देशाची भाषा येत नव्हती, बाईंना मराठी येण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून दोघींच्या मध्ये तो.

बाई चांगल्या चार मिनिटं बोलल्या. सावकाश, सोपे शब्द निवडून. गणितात तो पटकन उत्तर काढतो. पण मोठ्यानं वाचायची वेळ आली की त्याच्या तोंडून आवाज फुटत नाही. काही समजलं नाही तर विचारत नाही, शेजारच्या वहीत बघून उतरवतो. आणखी एक गोष्ट त्यांनी टिपली होती : दर गुरुवारी त्याच्या पोटात दुखतं. गुरुवारी दुसऱ्या तासाला प्रकट वाचन असतं. घरी तो याबद्दल काही बोलला आहे का, एवढंच त्यांना आईला विचारायचं होतं.

मुलगा बुटाच्या नाडीला पीळ देत ऐकत होता. बाई थांबल्या.

"बाई काय म्हणाल्या?" आईनं विचारलं.

"गणित चांगलंय म्हणाल्या."

"एवढंच? इतका वेळ तर बोलत होत्या."

"बाकीचं पण चांगलंय."

आई बाईंकडे बघून मनापासून हसली. बाईंना वाटलं, निरोप पोचला. आणि आई इतक्या शांतपणे घेते आहे म्हणजे घरी सगळं ठीक असणार. त्याही हसल्या. मुलगा तेवढा हसला नाही.

मी गप्प बसले. दुसऱ्याच्या घरच्या गोष्टीत कशाला नाक खुपसा, हे एक कारण. दुसरं जास्त लाजिरवाणं होतं : माझा नंबर लवकर आला म्हणून मला बरंच वाटलं होतं. त्या मुलाला मी लबाड म्हणणार नाही. स्वतःविरुद्धची तक्रार स्वतःच्याच तोंडानं आईला पोचवायची हे काम त्याला दिलं गेलं होतं. ते मी तरी केलं असतं का? अभ्यासक याला भाषेची मध्यस्थी असं सभ्य नाव देतात. मला दलाली हा शब्द जवळचा वाटतो, फक्त दलालाला निदान दलाली मिळते. दवाखाना, बँक, घरमालक, शाळा, सगळीकडे ही पोरं आईबापांच्या पुढे उभी राहून मोठ्यांची भाषा बोलतात. त्यातली शाळा ही एकच जागा अशी, जिथे बोलण्याचा विषय ती स्वतःच असतात.

मी तेव्हा आमच्या मंडळाची खजिनदार होते. परदेशात मराठी माणसं जमली की मंडळ स्थापन होतं, ही परंपरा जुनी आहे. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं, उत्तर अमेरिकेतलं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ सालचं. आमचं त्या मानानं लिंबूटिंबू. पण खजिनदाराला एक गोष्ट दिसते, जी अध्यक्षांना भाषण करताना दिसत नाही : पैसा खरोखर कुठे जातो. आमच्या जमाखर्चात सभागृहाचं भाडं होतं, ध्वनिव्यवस्था होती, सजावट होती, बाहेरून बोलावलेल्या कलाकारांचा प्रवासखर्च होता. 'शिक्षण' नावाचं एक खातं होतं, आणि त्यात खडू, वह्या आणि बक्षिसाचे करंडक. आमची निम्मी मुलं ज्या शाळेत दिवसाचे सहा-सात तास काढत होती, तिच्यासाठी त्या पानावर एक ओळही नव्हती.

शाळेशी आमचा संबंध येत नव्हता असं नाही. वर्षातून एकदा शाळेतून पत्र यायचं : अमुक तारखेला संस्कृती दिन आहे, आपल्या मंडळानं सहभागी व्हावं. मग आमची धावपळ. नाच बसवा, कपडे जमवा, टेबल मांडा, नकाशा लावा. ब्रिटनमध्ये शिक्षकांनीच या प्रकाराची 'तीन एस' म्हणून थट्टा केली होती, साड्या, समोसे आणि स्टीलबँड, म्हणजे पत्र्याच्या पिंपांवर वाजवतात तो कॅरिबियन वाद्यमेळ. आमच्याकडे बँड नव्हता, बाकी काही फरक नव्हता. मी त्या दिवसाला तुच्छ लेखत नाही. मुलांना मजा येते, आणि ज्या आईला एरवी शाळेच्या दारातून आत यायला संकोच वाटतो तीही त्या दिवशी आत येते. पण दुपारी चार वाजता टेबलं आवरली की मागे काय उरतं, असा प्रश्न खजिनदाराला पडायला हवा.

एका वर्षी याच दिवशी एका मुलीला बाईंनी प्रेमानं विचारलं, "तुझ्या देशाबद्दल सांगशील?" मुलगी गोंधळून गेली. ती जन्मली याच गावात, शाळेपासून दोन बसथांब्यांवर. तिच्या मागच्या बाकावरच्या कुणालाही तो प्रश्न आला नव्हता. तिनं शेवटी आजीकडून ऐकलेलं काहीबाही सांगितलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आम्हीही वाजवल्या. आता वाटतं, त्या टाळ्यांनी तिला तिच्याच वर्गात पाहुणी करून टाकलं, आणि तो पाहुणचार आम्ही आणि शाळेनं मिळून केला.

'बहुसांस्कृतिक' आणि 'आंतरसांस्कृतिक' हे दोन शब्द आपण एकाच अर्थानं फेकतो. युनेस्कोनं २००६ मध्ये आंतरसांस्कृतिक शिक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत हा भेद सांगितला आहे. अनेक संस्कृती शेजारीशेजारी नांदताहेत हे पहिल्या शब्दात येतं. त्यांचं एकमेकींशी चाललेलं बोलणं, देणंघेणं दुसऱ्यात येतं. १९८९ च्या बालहक्क करारात तर २९ व्या कलमात हे स्वच्छ लिहिलं आहे की शिक्षणानं मुलाच्या मनात आदर निर्माण करावा तो आईवडिलांबद्दल, स्वतःच्या भाषेबद्दल, राहत्या देशाच्या मूल्यांबद्दल, मूळ देशाच्या मूल्यांबद्दल आणि आपल्याहून वेगळ्या संस्कृतींबद्दल. सगळं एकाच वाक्यात. मला यात मराठीची एक गंमत दिसते. 'अंतर' आणि 'आंतर' यांत फक्त एका कान्याचा फरक आहे. तो काना कोणी द्यायचा, एवढाच प्रश्न.

तो आपण द्यायचा, असं काही स्थलांतरितांच्या संघटनांनी पन्नास वर्षांपूर्वीच ठरवलं होतं. हे मला माहीत नव्हतं. त्या पालकसभेनंतर चुटपुट लागली म्हणून वाचत गेले, तेव्हा कळलं.

१९६० साली पश्चिम जर्मनीनं स्पेनशी कामगारभरतीचा करार केला. कारखान्यांना हात हवे होते, हातांबरोबर माणसं आली, माणसांमागून मुलं आली. ती थोडीच इथे राहणार आहेत, असं सरकारला वाटत होतं आणि पुष्कळ आईबापांनाही. काही राज्यांत परदेशी मुलांसाठी त्यांच्या भाषेचे वेगळे वर्ग भरत होते. वरवर बघता किती छान, मातृभाषेतून शिक्षण! पण जर्मन शाळेत साधारणपणे चौथीनंतरच मुलांची वाटणी होते, कोण विद्यापीठाच्या वाटेनं जाणार आणि कोण कारागिरीच्या. वेगळ्या वर्गातलं मूल त्या वाटणीच्या वेळी रांगेत नसतंच.

हे ओळखलं ते स्वतः फार न शिकलेल्या स्पॅनिश आईबापांनी. गावोगावी त्यांनी पालकसंघ काढले, कॅथलिक मिशनच्या लोकांनी त्यांना हात दिला, आणि १९७३ मध्ये या संघांचा महासंघ झाला. वेगळे वर्ग आम्हाला नकोत, आमच्या मुलांना जर्मन मुलांच्या शेजारी बसवा, स्पॅनिश आम्ही त्याखेरीज शिकवू, अशी त्यांची मागणी होती. पालकांनी जमून शाळेची व्यवस्था समजून घ्यायची, कुठला कागद काय म्हणतो, कुठल्या वर्षी कुठला निर्णय होतो हे एकमेकांना सांगायचं. पुढे स्पॅनिश मुलांची शाळेतली प्रगती परदेशी कामगारांच्या इतर काही गटांच्या तुलनेत ठळकपणे उजवी ठरली, आणि त्याच्या कारणांत संशोधक या पालकसंघांचं नाव आवर्जून घेतात. मला यात सगळ्यात भावलं ते हे, की तो महासंघ करमणुकीसाठी जमलेला नव्हता. अर्थात मैफली तेही करत असतीलच.

लंडनमध्ये त्याच सुमाराला वेगळी लढाई चालू होती. कॅरिबियन बेटांवरून आलेल्यांची मुलं मोठ्या प्रमाणात 'शैक्षणिकदृष्ट्या कमी कुवतीच्या' मुलांच्या शाळांत पाठवली जात होती. 'खास शाळा' म्हणजे काहीतरी चांगलं असणार, अशी पुष्कळ आईबापांची समजूत होती. १९७१ मध्ये बर्नार्ड कोर्ड या ग्रेनाडाहून आलेल्या शिक्षकानं या प्रकाराची फोड करणारी पुस्तिका लिहिली, आणि ती कॅरिबियन शिक्षक-कार्यकर्त्यांच्या संघटनेसाठी छापली गेली. तिचा रोख थेट पालकांकडे होता. शनिवारच्या पूरक शाळांच्या चळवळीला तिनं बळ दिलं. एका मंडळाची एक पुस्तिका! आमच्या मंडळाच्या स्मरणिकेत पानभर शुभेच्छा असतात आणि शेवटी जाहिराती.

तिसरी गोष्ट न्यायालयातली. सॅन फ्रान्सिस्कोत चिनी भाषिक घरांतली जवळजवळ १,८०० मुलं इंग्रजी येत नसताना इंग्रजी वर्गात नुसती बसून होती. 'लाउ विरुद्ध निकोल्स' या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९७४ मध्ये एकमतानं सांगितलं की सगळ्यांना तीच पुस्तकं, तेच शिक्षक आणि तोच अभ्यासक्रम दिला म्हणजे समान वागणूक दिली असं होत नाही. ज्याला भाषाच कळत नाही त्याला शिक्षणातून बाहेरच ठेवलं आहे. हा निकाल वाचताना मला ती बुटाची नाडी आठवत होती.

आता आमच्या फळ्याची गोष्ट. आमची मराठी शाळा शनिवारी भरायची ती याच शाळेच्या इमारतीत, भाड्यानं घेतलेल्या दोन वर्गांत. सात वर्षं भरत होती. सात वर्षांत आम्ही तिथल्या एकाही शिक्षकाला भेटलो नव्हतो. ओळख होती ती किल्ली देणाऱ्या रखवालदाराची. वर्गात शिरलं की आधी मोबाइलवर बाकांचा फोटो काढायचा, म्हणजे जाताना बाकं होती तशीच्या तशी लावता येतात. फळ्याच्या उजव्या भागावर बाईंनी सोमवारसाठी काही लिहून चौकट आखलेली असायची : 'पुसू नये.' आम्ही डाव्या भागात लिहायचो आणि जाताना तो ओल्या फडक्यानं पुसून लख्ख करायचो. आपण आलो होतो याची खूणसुद्धा उरू नये, याचा आम्हाला अभिमान होता.

एका शनिवारी कुणाला तरी बरं वाटेना, घाई झाली, आणि फळा तसाच राहिला. सोमवारी दुपारी शाळेचा ईमेल आला. आमच्या सचिवांनी तो पुरता न वाचताच माफीचा मजकूर लिहायला घेतला. मग कुणीतरी म्हणालं, अहो, आधी वाचून तर बघा. बाईंनी विचारलं होतं की फळ्यावर जे लिहिलं होतं ते काय होतं, कारण त्यावरून वर्गात फार छान चर्चा झाली.

फळ्यावर होतं : माझा चेंडू, माझी वही, माझं दप्तर. शेजारी चित्रं. सोमवारी मुलांनी चित्रांवरून चेंडू, वही, दप्तर ओळखलं आणि मग एकानं विचारलं, पण पहिला शब्द तिन्हीकडे थोडा थोडा वेगळा का? आमच्या शाळेत येणारी एक मुलगी त्या वर्गात होती. एरवी अगदी गप्प. ती उठून म्हणाली, तो 'माझा'च आहे, पण वस्तू बदलली की तो बदलतो. वही बाई आहे आणि चेंडू पुरुष. वर्गात हशा. दप्तर मग कोण? तिनं सांगितलं, दप्तर दोन्ही नाही. मग दुसरा एक मुलगा म्हणाला, आमच्याही भाषेत वस्तू बाई-पुरुष असतात, पण दोनच. तिसरी म्हणाली, आमच्यात असलं काही नाहीच. बाईंनी तास बाजूला ठेवून सगळ्यांच्या भाषांत 'माझं' कसं म्हणतात याची यादीच फळ्यावर केली. त्या वर्गात किती भाषा आहेत हे बाईंनाही तेव्हा पहिल्यांदा कळलं.

नाच नाही, कपडे नाहीत, टेबलं नाहीत. व्याकरणातल्या लिंगभेदानं ते काम केलं. आणि त्या मुलीला कुणी 'तुझ्या देशाबद्दल सांग' म्हटलं नव्हतं; एक कोडं पडलं होतं आणि त्याचं उत्तर तिला येत होतं, इतकंच.

त्यानंतर आम्ही डावा भाग पुसायचं थांबवलं. बाई तिथे सोमवारी काहीतरी जोडतात, शनिवारी आम्ही. मधे दोनदा सफाईवाल्यांनी सगळंच पुसलं, ते सोडा.

भाषेच्या बाबतीत एक गैरसमज मात्र शाळांत आणि घरांत चिवटपणे टिकून आहे. शिक्षक सांगतात, घरीसुद्धा शाळेची भाषा बोला, म्हणजे मूल लवकर शिकेल. सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. मग आईवडील आपल्या मोडक्यातोडक्या परक्या भाषेत मुलाशी बोलू लागतात. 'जेव', 'झोप', 'अभ्यास कर' एवढ्यावर संसार चालतो. रुसवे, टोमणे, थट्टा, आजोबांच्या गोष्टी, सगळं बंद. जिम कमिन्स या कॅनडातल्या अभ्यासकानं १९७९ मध्ये एक साधा भेद दाखवला : गप्पांची भाषा वेगळी आणि पुस्तकाची वेगळी. नव्या देशात आलेलं मूल साधारण दोन वर्षांत मैदानावर फाडफाड बोलू लागतं; पण धड्यातली, कारणमीमांसेची भाषा वर्गमित्रांच्या बरोबरीनं यायला पाच ते सात वर्षं लागतात. आणि एका भाषेत विचार करायची सवय लागली की ती दुसरीच्या कामी येते. मैदानावरचं बोलणं ऐकून शिक्षक म्हणतात, याला भाषा येते की! मग वाचनात मागे पडला तर कुवत कमी, असा शिक्का बसतो. हे एवढं पालकांना आणि शिक्षकांना नीट समजावून सांगणं, त्यासाठी वर्षातून दोन संध्याकाळी खर्च करणं, हे कुठल्याही मंडळाला जमण्यासारखं आहे. सभागृह लागत नाही, ध्वनिव्यवस्था तर मुळीच नाही.

काही देशांत कायदाच दार उघडून देतो, पण दारातून कुणीतरी जावं लागतं. स्वीडनमध्ये १९७७ पासून नगरपालिकांनी मुलांना घरची भाषा शिकवण्याची सोय करायची आहे. आज त्यासाठी एका भाषेची निदान पाच मुलं लागतात, आणि शिकवणारा मिळावा लागतो. पाच मुलं! पाच घरांना फोन करून अर्ज भरायला लावणं हे मंडळाचं काम नाही तर कुणाचं? शिकवणारा शोधणं हेही. इटलीत १९९९ च्या नियमावलीनुसार शाळांना स्थलांतरित कुटुंबांशी बोलण्यासाठी सांस्कृतिक मध्यस्थांची मदत घेता येते. म्हणजे मूल सोडून दुसरं कुणीतरी त्या मधल्या खुर्चीत बसवायची सोय नियमातच आहे.

आम्ही ती खुर्ची आपली आपण मांडली. शाळेला पत्र लिहिलं : पालकसभेला आमचे दुभाषे येतील, फुकट. मुख्याध्यापिकांनी पोलिस पडताळणीचे कागद मागितले. आमच्यातल्या काहींना अपमान वाटला, आम्ही काय चोर आहोत? मला उलट तेव्हाच शाळेबद्दल विश्वास वाटला. मुलांच्या आसपास वावरणाऱ्याची चौकशी व्हायलाच हवी.

पण दुभाष्याचं काम आम्हाला वाटलं तितकं सोपं निघालं नाही. पहिल्या वर्षी मीच एका वडिलांबरोबर बसले. बाई म्हणाल्या, मुलगी वर्गात झोपते. मी सांगितलं, आणि लगेच स्वतःहून जोडलं, "दादा, रात्री उशिरापर्यंत मोबाइल देऊ नका हो." बाईंनी मोबाइलचं नावही काढलं नव्हतं. वडिलांचा चेहरा पडला. पुढे कळलं की ते दोघं नवराबायको रात्रपाळीला असतात आणि ती मुलगी धाकट्या भावाला उठून पाणी देते, दूध देते. मी दुभाषी म्हणून गेले आणि सासू होऊन आले. दुसऱ्या एकानं उलट केलं. बाईंचं कडक बोलणं तो इतकं मऊ करून सांगायचा की पालक खुशीत घरी जायचे. त्या नऊ वर्षांच्या पोराला आपण काय नावं ठेवणार!

सगळ्यात मोठा धडा एका आईनं दिला. तिला फोन करून मी आनंदानं सांगितलं, तुमच्यासाठी दुभाष्याची सोय झाली. पलीकडे शांतता. मग ती म्हणाली, "नको. रविवारपर्यंत सगळ्या मंडळाला कळेल माझ्या मुलाचं." तिचं शंभर टक्के खरं होतं. आमचं मंडळ म्हणजे एक मोठी चाळच. मुलाला वाचनात अडचण आहे, मुलगी विस्कटली आहे, नवरा घरी नसतो, या गोष्टी ज्या भाषेत सांगायच्या त्याच भाषेत त्या पसरतात. तेव्हा आम्ही नियम केले. जे बोललं जाईल ते सगळं सांगायचं. पदरचं काही घालायचं नाही. दाराबाहेर पडलं की विसरायचं. आणि पालकांना हवं असेल तर लांबच्या गावातला दुभाषा फोनवरून, नाव न सांगता. शेजारच्या गावातल्या मंडळाशी आम्ही अदलाबदल केली : त्यांच्या पालकांना आमचे, आमच्या पालकांना त्यांचे. हे सगळं कुठल्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं, ठेचा लागत गेल्या तसं सुचत गेलं.

मंडळाचं मन मोठं करणं हे शाळेचं मन मोठं करण्याहून कठीण, हे मी खजिनदार म्हणून अनुभवानं सांगते. शाळेत एका वर्षी युद्धातून निसटून आलेल्या काही कुटुंबांची मुलं आली. त्यांची संघटना नव्हती, ओळखी नव्हत्या. आम्ही पालकांसाठी एक चार पानी पत्रक केलं होतं : शाळेचं वर्ष कसं असतं, कुठल्या कागदावर सही करण्याआधी विचारायचं, मूल आजारी असेल तर कुणाला कळवायचं. मी सुचवलं, हे त्यांच्याही भाषेत करून घेऊ, खर्च फार नाही. कार्यकारिणीत एक गृहस्थ म्हणाले, "त्यांचं आपल्याला काय? आपली मुलं बघू आधी." ठराव तीन मतांनी पडला. पुढच्या सभेत पुन्हा मांडला, दोन मतांनी पास झाला. 'आपली मुलं' या दोन शब्दांत कोण कोण बसतं यावर मंडळांत बोलणंच होत नाही. आंतरसांस्कृतिक शिक्षण यजमानांनी घ्यायचं, आपल्याकडे ते उपजतच आहे, असा आपला गोड समज असतो.

अमेरिकेत ॲरिझोनातल्या टुसान शहरात लुईस मॉल या शिक्षण-अभ्यासकानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिक्षकांना मेक्सिकन कामगार कुटुंबांच्या घरी पाठवलं होतं, शिकवायला नव्हे तर शिकायला. शिक्षकांना तिथे शेती, खाणकाम, बांधकाम, औषधपाणी, घरखर्चाची जुळवाजुळव यांचं केवढं तरी ज्ञान सापडलं. १९९२ मध्ये त्यांनी ते मांडलं, 'ज्ञानाचे साठे' या अर्थाचं नाव देऊन. ते वाचून मला आमच्या मंडळातल्या एका बाई आठवल्या. कपडे दुरुस्तीचं काम करतात, सभेला मागच्या रांगेत बसतात, स्टेजवर कधी नाहीत. गणिताच्या शिक्षकांशी बोलून त्यांना एका तासाला बोलावलं. त्यांनी कापडाचा चौकोनी तुकडा घेतला, आधी सरळ ओढून दाखवला : ताणला जात नाही. मग कोपऱ्याकडून कोपऱ्याकडे ओढला : रबरासारखा लांबला. याला आम्ही उरेब म्हणतो, त्या म्हणाल्या, मी शेजारी उभी राहून सांगितलं. मग टेपनं मापून, घडी घालून त्यांनी पंचेचाळीस अंशांची रेघ कोनमापकाशिवाय काढली. मुलांनी कोनमापक लावून बघितलं, बरोबर पंचेचाळीस. एका मुलानं स्वतःचा शर्ट तिरका ओढून बघितला, मग सगळ्यांनीच ओढले. तास संपला तेव्हा बाईंना कुणी विचारलं नाही की तुम्ही कुठल्या देशाच्या. विचारलं ते हे, की गळा शिवताना उरेबच का लागतो.

पालकसभांचं दुसरं की तिसरं वर्ष असेल. तोच मुलगा, आता सहावीत, उंच झालेला. दुभाषी म्हणून लांबच्या गावातल्या एक बाई आल्या होत्या, त्या आणि आई आत. तो बाहेर मार्गिकेत भिंतीला पाय टेकवून उभा. मी फलकाजवळ पुढच्या पालकांची यादी घेऊन बसले होते. आत बराच वेळ बोलणं चाललं होतं, शब्द कळत नव्हते, फक्त आवाज. मधेच आईचा आवाज थोडा चढला, मग तिघींचं हसू. तो दाराकडे बघायचा, मग खाली, मग पुन्हा दाराकडे.

आई बाहेर आली. तिनं रुमालानं नाक पुसलं, पर्स खांद्याला लावली.

"बाई काय म्हणाल्या?" त्यानं विचारलं.

"चल, घरी गेल्यावर सांगते."

"सांग ना आत्ता."

"घरी म्हटलं ना."

त्यानं वळून माझ्याकडे बघितलं. मी यादीतलं पुढचं नाव वाचू लागले.